एका हंगामात संपणारे मागचे टायर: सोलापुरातल्या एका टोइंग गाडीचं प्रकरण

सोलापुरात टोइंगचा धंदा करणाऱ्या एका मालकाकडे सहा चाकांची हलकी गाडी आहे. चासी मूळची मालवाहतुकीची. तिच्यावर मागे बूम (उचलण्याचा दांडा), विंच (तार गुंडाळून ओढणारं यंत्र) आणि चाकांखालून उचलणारा व्हील लिफ्ट बसवून घेतलेला. बंद पडलेली कार, पिकअप किंवा छोटा टेम्पो एका बाजूने उचलायचा आणि गॅरेजपर्यंत ओढत आणायचा, हे तिचं काम. मालकाची तक्रार अशी होती की मागचे चार टायर २५ हजार किलोमीटरच्या आसपास गुळगुळीत होतात. त्याच्याच दुसऱ्या, मालवाहतुकीच्या गाडीवर त्याच मापाचे टायर याच्या दुपटीने चालतात.

"कंपनी बदलून बघितली ओ, तरी तेच व्हायलंय. माल पहिल्यासारखा येईना आता," हे त्याचं म्हणणं.

ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गाड्यांचे टायर तपासणं हे माझं काम आहे, म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आलं. मालकाच्या इच्छेप्रमाणे नाव आणि गाडीचा नंबर देत नाही. बाकी जे दिसलं आणि मोजलं ते सगळं इथे आहे. टोइंगच्या गाडीचे टायर किती चालतील हा प्रश्न नुसत्या किलोमीटरमध्ये विचारला तर उत्तर चुकणारच, असं माझं ठाम मत आहे. कोणत्या एक्सलवर, म्हणजे पुढच्या की मागच्या चाकांच्या आसावर, किती भार येतो आणि त्या भाराखाली प्रत्येक टायरमध्ये हवा किती असते, हे कळल्याशिवाय टायरला दोष देता येत नाही. मालवाहू गाडीशी केलेली तुलना तर मुळातच लंगडी आहे. त्या गाडीत भार दोन्ही एक्सलच्या मधे असतो, इथे तो मागच्या एक्सलच्याही मागे टांगलेला असतो.

गाडी कुठे चालते

पुण्याहून हैदराबादला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५, बीड-तुळजापूरकडून येऊन विजयपूरकडे जाणारा ५२ आणि मिरज-मंगळवेढ्याकडून येणारा १६६, हे तिन्ही सोलापुरात मिळतात. या गाडीला बोलावणी येतात ती मोहोळ, टेंभुर्णी, नळदुर्ग आणि तुळजापूरच्या घाटातून. ऊसतोडणीच्या हंगामात, दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन मार्चपर्यंत, रात्रीची कामं वाढतात. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने याच जिल्ह्यात असल्यामुळे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते, आणि मागे लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अंधारात दिसत नाही. उलटलेली ट्रॉली उचलायला हायड्रा, म्हणजे मोठी क्रेन, लागते, ते या गाडीचं काम नव्हे. पण ट्रॉलीला मागून धडकलेली कार हिच्याच वाट्याला येते. मग काळ्या मातीच्या साइडपट्टीवर मागचं चाक उतरवून, काचा आणि सांडलेल्या ऑइलमध्ये उभं राहून विंच ओढावा लागतो.

अर्धं अंतर गाडी रिकामीच धावते, कारण बंद गाडीपर्यंत जाताना मागे काही नसतं. ही गोष्ट साधी वाटते, पण पुढे टायरांवरच्या झिजेचा उलगडा तिच्यामुळेच झाला.

टायर वाचताना

सहाही टायर उतरवले आणि नक्षीची खोली गेजने मोजली, प्रत्येक टायरची तीन ठिकाणी: मधे आणि दोन्ही खांद्यांवर, म्हणजे नक्षीच्या दोन्ही कडांना. मागच्या डाव्या जोडीत बाहेरचा टायर मधे ५ मिलिमीटर आणि खांद्यांवर ७ मिलिमीटर होता. त्याच जोडीतला आतला टायर नेमका उलटा निघाला: मधे ६, पण खांद्यांवर जेमतेम ३. उजव्या जोडीतही हेच, थोडं कमी प्रमाणात.

मधे झिजलेला टायर म्हणजे त्याच्यावरच्या भाराच्या मानाने हवा जास्त. खांद्यांवर झिजलेला म्हणजे भाराच्या मानाने हवा कमी. एकाच एक्सलवर, एकाच बाजूला, एकमेकांना खेटून फिरणाऱ्या दोन टायरांवर दोन उलट खुणा दिसत होत्या. टायर हलक्या प्रतीचा असता तर तो सगळीकडून लवकर झिजला असता. अशी वेगवेगळी नक्षी रबराच्या दर्जामुळे उमटत नाही. कंपनी बदलूनही फरक का पडला नव्हता ते इथेच कळलं.

पुढच्या टायरांवर वेगळंच होतं. नक्षीवर थोड्या थोड्या अंतराने खळगे पडले होते, आणि डाव्या टायरवरून हात फिरवला तर एका दिशेने मऊ आणि उलट दिशेने करवतीसारखं लागत होतं. करवतीसारखी धार म्हणजे चाकं समांतर नाहीत, अलाइनमेंट गेलेलं आहे. टाय रॉड, म्हणजे पुढची चाकं वळवणारा दांडा, किंचित वाकलेला निघाला, बहुधा साइडपट्टीवरून गाडी वर घेताना. तो बदलला. खळग्यांचं कारण मात्र टाय रॉडमध्ये नव्हतं. शॉक अब्सॉर्बर ढिले होतेच, पण ड्रायव्हर सहज जे बोलला ते माझ्या कानात राहिलं: "मागं गाडी लावली की स्टिअरिंग हलकं लागायलंय. खड्ड्यात पुढनं उडी मारल्यासारखी करती."

वजनकाट्यावर

टोइंग गाडी काट्यावर नेऊन एक्सलनिहाय वजन करावं असं या धंद्यात फार कुणाला सुचत नाही, कारण काट्याचा संबंध मालाशी. खरं तर याला फार वेळ लागत नाही. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन वजन घ्यायचं, मग पूर्ण गाडी चढवून, मागे लावलेल्या गाडीची चाकं काट्याबाहेर ठेवून पुन्हा घ्यायचं. दोन्हींतला फरक म्हणजे मागच्या एक्सलवरचा भार. काट्याच्या आधीची आणि नंतरची जमीन काट्याच्या पातळीत हवी, नाहीतर आकडे फसवतात.

रिकाम्या गाडीचं वजन पुढे १६०० किलो आणि मागे २७०० किलो भरलं. नंतर मालकाच्या नेहमीच्या कामातलं एक जड काम घेतलं: कांद्याने भरलेली पिकअप, मागून उचललेली. सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याची आवक मोठी असते, त्यामुळे अशी भरलेली पिकअप रस्त्यात बंद पडणं नेहमीचंच. मागच्या चाकांवर चालणारी गाडी ओढताना तिचा गिअरबॉक्स फिरत राहू नये म्हणून ती मागून उचलण्याची पद्धत आहे. पण भरलेल्या पिकअपचा भार मागेच असतो. काट्यावर पुढे ५९० आणि मागे ५५१० किलो आले.

म्हणजे व्हील लिफ्टवर भार होता १८०० किलोच, पण मागच्या एक्सलवर वाढले २८१० किलो. वरचे हजारभर किलो आले कुठून? ते पुढच्या एक्सलवरून उचलले गेले. बैलगाडीत मागे जास्त भरलं की ती उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं, तसंच हे. हिशेबही सोपा आहे. या गाडीच्या दोन एक्सलमधलं अंतर ३.४ मीटर, आणि मागच्या एक्सलपासून उचलण्याच्या जागेपर्यंतचं अंतर १.९ मीटर. टांगलेल्या भाराला १.९ ने गुणून ३.४ ने भागलं की पुढून किती वजन कमी होतं ते मिळतं. १८०० किलोंना हे उत्तर १००६ येतं. तेवढंच मागे वाढतं, आणि टांगलेले १८०० वेगळे. हिशेब आणि काटा यांच्यात ५ किलोंचाही फरक पडला नाही.

पुढे उरलेले ५९० किलो म्हणजे रिकाम्या गाडीच्या पुढच्या वजनाच्या ३७ टक्के. टोइंगच्या क्षेत्रात जाणकार एक नियम पाळतात: उचलल्यावर पुढच्या एक्सलवर त्याच्या मूळ वजनाच्या निम्मं तरी उरलं पाहिजे. त्याखाली गेलं की स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक रस्त्याला धरत नाहीत. टायरच्या बाबतीत याचा अर्थ असा की पुढचं चाक प्रत्येक उंचवट्यावर उचलतं आणि आपटतं, आणि आपटेल तिथे रबर थोडं घासून जातं. खळग्यांचं कारण ते होतं. टायरच्या आयुष्याच्या आधी हा जिवाचा प्रश्न आहे. तुळजापूरच्या घाटात उतारावर वळण घेताना पुढच्या एक्सलवर जेमतेम ५९० किलो असलेली गाडी चालवणं मला कुठल्याच परिस्थितीत मान्य नाही, आणि मालकाला मी ते टायरांबद्दल बोलण्याआधी सांगितलं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. २०१८ साली केंद्र सरकारने मालवाहू वाहनांच्या एक्सलवरच्या भाराची मर्यादा वाढवली. चार टायरांच्या एका एक्सलला १०.२ टनांऐवजी ११.५ टन झाले. तेव्हापासून एक्सलवर साडेपाच टन म्हणजे काहीच नाही असं बोललं जातं. पण ती रस्त्यावरच्या कोणत्याही वाहनाची वरची हद्द आहे. लहान गाडीला तिच्या कंपनीने ठरवलेली आणि नोंदणीत लिहिलेली मर्यादाच लागू होते. या गाडीच्या मागच्या एक्सलची ती मर्यादा ५५१० च्या बरीच खाली होती.

जोडचाकातली गोष्ट

टायर मात्र कागदावर पुरे पडत होते, आणि हीच खरी गोम. बाजूच्या भिंतीवर १२२/१२१ असा भारांक छापलेला होता. १२२ म्हणजे टायर एकटा असेल तर १५०० किलो, १२१ म्हणजे जोडीत असेल तर प्रत्येकी १४५० किलो. चार टायरांचे मिळून ५८०० किलो झाले. भार होता ५५१०. मग टायर का मरत होते?

कारण ५८०० हा आकडा चारही टायर सारखा भार घेतील असं धरून येतो. डाव्या जोडीवर २७५५ किलो येत होते. दोघांनी सारखे वाटून घेतले तर प्रत्येकी १३७८, म्हणजे मर्यादेत. पण आतल्या टायरने १२०० च उचलले तर बाहेरच्यावर १५५५ येतात आणि मर्यादा ओलांडली जाते. हे स्थिर उभ्या गाडीचे आकडे. खड्ड्यातला दणका वेगळा.

आतला टायर कमी उचलत होता यात शंका नव्हती, आणि त्याला कारणं दोन होती. आतल्या टायरच्या व्हॉल्व्हपर्यंत बाहेरून हात पोचत नव्हता. व्हॉल्व्ह बाहेरपर्यंत आणणारी नळी, एक्स्टेन्शन, कधीतरी तुटलं, ते पुन्हा बसवलंच नाही. त्यामुळे बाहेरच्यात ९० पौंड (दर चौरस इंचाला) हवा, आणि आतल्याची तपासणी टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, मारून आवाजावरून. टॉमीच्या आवाजावरून टायर पूर्ण बसलाय की नाही एवढंच कळतं. ९० आणि ६० पौंडांतला फरक अनुभवी कानालाही ओळखता येत नाही. गेज लावल्यावर डाव्या आतल्या टायरमध्ये ६२ पौंड निघाले.

दुसरं कारण अधिक खोलवरचं. मालक काटकसर म्हणून आतल्या बाजूला रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेला टायर, आणि बाहेर नवा टायर लावत असे. रिमोल्डला माझा विरोध नाही. आतला सांगाडा धड असेल, भिंतीला कट किंवा फुगा नसेल आणि काम नीट झालं असेल, तर मागच्या एक्सलवर रिमोल्ड चांगला चालतो. पुढच्या चाकाला मात्र मी तो लावू देत नाही. अडचण होती मापाची. झिजलेला आतला आणि नवा बाहेरचा, यांच्या नक्षीत एका वेळी ७ मिलिमीटरचा फरक होता. म्हणजे व्यासात १४ मिलिमीटरचा. या आकाराच्या टायरांच्या जोडीत व्यासाचा फरक पाव इंचाच्या, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटरच्या वर जाऊ नये असा दंडक आहे.

दोन्ही चाकं एकाच हबला बोल्टने आवळलेली असतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी एक फेरा पूर्ण करतात. पण १४ मिलिमीटर व्यासाचा फरक म्हणजे एका फेऱ्यात परिघाचा ४४ मिलिमीटरचा फरक. सुमारे अडीच मीटर परिघाचा हा टायर एका किलोमीटरमध्ये साधारण ३९० फेरे घेतो. गुणाकार केला तर दर किलोमीटरला १७ मीटरचा हिशेब जुळत नाही, आणि तो कुठेतरी रबर घासूनच भरून निघतो. घासतो तो बहुतेक लहान टायर, म्हणजे आतला, ज्यात हवाही कमी होती. त्याचे खांदे का गेले हे वेगळं सांगायला नको.

आणि बाहेरच्याची मधली झीज? ती रिकाम्या धावण्याची. रिकामी गाडी असताना मागच्या प्रत्येक टायरवर सरासरी ६७५ किलो येतात, आणि हवा ९० पौंड, म्हणजे भरलेल्या गाडीसाठीची. एवढ्या हलक्या भाराला तो टायर मधेच टेकतो. याला इलाज नाही. हवा भरलेल्या अवस्थेसाठीच ठेवावी लागते, दर कामाला कमी-जास्त करता येत नाही. ही झीज टोइंगच्या धंद्यात गृहीत धरायची.

ऊन आणि हवा

आतल्या टायरमध्ये ६२ पौंड राहण्यामागे आणखी एक सवय होती, आणि ती सोलापुरात इतकी रुजलेली आहे की तिच्याबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे. उन्हाळ्यात इथे पारा ४२-४३ च्या वर जातो. डांबर त्याहून कितीतरी तापतं. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा थोडी कमी ठेवायची, असं पंक्चरवाल्यापासून मालकापर्यंत सगळे मानतात. दुपारी टोलनाक्याजवळ गाडी थांबली, गेज लावलं, १०० पौंड दिसले, की व्हॉल्व्ह दाबून १० सोडायचे.

आता हे बघा. सकाळी २७ अंशाला टायर थंड असताना ९० पौंड हवा भरली. धावून टायरच्या आतली हवा ५७ अंशांपर्यंत गेली, तर दाब साधारण १० पौंडांनी वाढतो. बंद जागेतली हवा तापली की दाब वाढणारच, आणि टायर बनवणाऱ्याने ती वाढ धरूनच थंड टायरचा आकडा दिलेला असतो. तिथे ९० वर आणून ठेवलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरमध्ये ८० उरतात. एक्स्टेन्शन शाबूत असताना दोन-तीन दुपारी दर वेळी १० सोडले आणि नंतर आतल्याकडे लक्षच गेलं नाही, तर ६२ वर यायला वेळ लागत नाही.

टायर फुटतो तो मुख्यतः वाकण्यातून तयार होणाऱ्या उष्णतेमुळे. हवा कमी असेल तर प्रत्येक फेऱ्यात बाजूची भिंत जास्त वाकते, जास्त वाकल्याने रबर आतून तापतं, आणि तापलेलं रबर थरांपासून सुटायला लागतं. त्यातून टायर नायलॉनच्या तिरक्या थरांचा, जुन्या बनावटीचा असेल, तर तो रेडियलपेक्षा मुळात जास्त तापतो. उन्हामुळे हे सगळं आणखी बिघडतं. म्हणजे ज्या भीतीने हवा सोडली जाते, तीच गोष्ट हवा सोडल्यामुळे जवळ येते. ड्रायव्हरला हे पटवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. त्याने गुरू मानलेल्या माणसाकडून ही सवय घेतली होती, आणि मी तिच्याविरुद्ध बोलत होतो. शेवटी पहाटे थंड टायरला गेज लावून आकडा वहीत लिहायचा आणि दुपारी त्याच टायरचा पुन्हा लिहायचा, हात मात्र व्हॉल्व्हला लावायचा नाही, एवढं त्याने कबूल केलं. काही दिवसांनी वहीतल्या दोन रकान्यांनी त्याचं समाधान केलं.

विंच ओढताना

टोइंगच्या गाडीचे टायर फक्त चालताना झिजत नाहीत, उभं असतानाही झिजतात. खड्ड्यातली कार तिरक्या कोनातून ओढली तर कार येण्याऐवजी ओढणारी गाडीच बाजूला घसरते, आणि लॉक झालेली चाकं रस्त्यावर फरफटतात. उजव्या बाहेरच्या टायरवर तळहाताएवढा सपाट भाग याच कारणाने झाला होता. चाकांना लाकडी ठोकळे लावायचे आणि शक्यतो गाडी सरळ रेषेत उभी करून ओढायची, हे ड्रायव्हरला माहीत होतं. रात्री, मागे ट्रॅफिक खोळंबलेला असताना, ते होत नव्हतं.

अपघाताच्या जागी सांडलेलं डिझेल आणि ऑइल रबराला फुगवतं आणि मऊ करतं. जोडचाकांच्या फटीत अडकलेला दगड भिंत कापत राहतो. काम संपल्यावर टायर पाण्याने धुणं आणि फटीत बॅटरी मारून बघणं याला काहीच लागत नाही. मी मागच्या चारही टायरांतून काचेचे आणि पत्र्याचे तुकडे पकडीने काढले, त्यातले दोन आतल्या थरापर्यंत गेलेले होते.

स्टेपनीबद्दल एवढंच की ती कॅबिनच्या वर, वर्षानुवर्षं उन्हात पडलेली होती. नक्षी नव्यासारखी, पण भिंतीवर बारीक भेगा. भिंतीवरच्या चार आकडी तारखेत पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. तिच्यावर २३१४ होतं, म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. ती बाद केली.

काय बदललं

पहिला बदल उचलण्याच्या पद्धतीत झाला. भरलेली पिकअप मागून उचलणं बंद. आधी जमेल तेवढा माल दुसऱ्या गाडीत काढायचा. ते शक्य नसेल तर प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा दांडा, खोलून गाडी पुढून उचलायची. पुढचा भार मागच्याच्या मानाने बराच कमी असतो, आणि शाफ्ट सुटल्यावर गिअरबॉक्स फिरायचा प्रश्नच उरत नाही. शाफ्ट खोलायला वेळ जातो, रस्त्यावर झोपून काम करावं लागतं, हे खरं आहे. तरी मी यावर अडून राहिलो.

निम्म्याच्या नियमाने हिशेब केला तर पुढून ८०० किलोंपेक्षा जास्त वजन कमी होता कामा नये. १.९ मीटर अंतरावर याचा अर्थ टांगलेला भार १४३० किलोंपर्यंत. व्हील लिफ्टचा हात नेहमी पूर्ण बाहेर काढून ठेवायची सवय होती. तो आत घेऊन अंतर १.६ मीटरवर आणलं की तीच मर्यादा १७०० किलोंवर जाते. ३० सेंटिमीटरने एवढा फरक पडतो. मात्र फार आत घेतला तर वळताना मागच्या गाडीचा बंपर बॉडीला लागतो, म्हणून प्रत्येक प्रकारच्या गाडीसाठी किती आत घ्यायचा याची खूण हातावरच रंगाने केली.

साखळ्या, जॅक, पुली आणि ठोकळे यांची पेटी शेवटच्या टोकाला होती. ती उचलून कॅबिनच्या मागे आणली. १८० किलोंची पेटी २.४ मीटर पुढे सरकली आणि पुढच्या एक्सलवर १२७ किलो वाढले. मालकाला यासाठी वेल्डिंगच्या मजुरीपलीकडे काही खर्च आला नाही.

जोड्या नव्याने लावल्या: दोन नवे एका बाजूला, मापाने जुळणारे दोन रिमोल्ड दुसऱ्या बाजूला, प्रत्येक जोडीतला व्यासाचा फरक ६ मिलिमीटरच्या आत. आतल्या व्हॉल्व्हला लोखंडी एक्स्टेन्शन आणि धातूच्या टोप्या. शॉक अब्सॉर्बर बदलले. हवा पहाटे, गाडी हलण्याआधी.

आयुष्य मोजण्याची रीत

मालकाने वहीत किलोमीटरचे दोन रकाने केले, रिकामे आणि ओढतानाचे. नक्षीची खोली महिन्यातून एकदा, प्रत्येक टायरच्या त्याच खूण केलेल्या जागी. कायद्याने अशा वाहनाच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरखाली जाऊ द्यायची नाही, आणि नक्षीच्या खोबणीत तेवढ्या उंचीच्या खुणा दिलेल्या असतात. ओल्या ऑइलवर आणि काळ्या चिखलात काम करणाऱ्या गाडीला मी ३ मिलिमीटरवरच थांबायला सांगतो. नव्या टायरची नक्षी १३ मिलिमीटर असेल तर वापरायला मिळतात १०. हजार किलोमीटरला ०.४ मिलिमीटर गेले तर २५ हजारांत संपतो. आधी नेमकं हेच होत होतं.

बदलांनंतरच्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात झीज हजारामागे ०.२७ ते ०.३० च्या मधे राहिली. यावरून ३३ ते ३७ हजारांचा अंदाज निघतो. नवा टायर सुरुवातीला थोडा भरभर झिजतो, कारण खोल नक्षीचे ठोकळे जास्त हलतात. नक्षी उथळ झाली की वेग मंदावतो. त्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहून थोडा वर जाईल असं मला वाटतं. मालवाहू गाडीच्या टायरांच्या त्या दुपटीच्या आकड्याला ही गाडी कधीच पोचणार नाही, आणि मालकानेही ती अपेक्षा सोडली आहे. मुख्य म्हणजे आता आतला आणि बाहेरचा टायर बरोबरीने झिजतात. एका जोडीतला एक मेला म्हणून दुसरा काढावा लागणं, किंवा नव्याला जुन्याशी जोडून त्याचंही आयुष्य घालवणं, हे थांबलं. खर्चाच्या दृष्टीने मोठी बचत इथली आहे.

जे सुटलेलं नाही

ऊसतोडणीच्या हंगामात रात्रीची कामं वाढली की ठोकळे लावणं आणि धुणं पुन्हा मागे पडतं. वहीत त्या महिन्यांत झीज थोडी जास्त दिसते आणि कट बरेच जास्त. मोठ्या, भरलेल्या गाड्यांसाठी पूर्ण गाडी वर घेणारी फ्लॅटबेड हवी. मालकाचा विचार चालू आहे, कर्जाची जुळणी झालेली नाही. तोपर्यंत १७०० किलोंच्या वरचं काम तो शेजारच्या मोठ्या क्रेनवाल्याकडे वळवतो आणि त्यातलं कमिशन घेतो. सुरुवातीला त्याला हे गिऱ्हाईक घालवल्यासारखं वाटत होतं.

मागच्या डाव्या बाहेरच्या टायरला मोहोळजवळच्या एका अपघातात पत्र्याचा लांब कट लागला. नक्षी ८ मिलिमीटर शिल्लक होती, पण कटातून आतले धागे दिसत होते, म्हणून तो काढला. त्याच्या जोडीदाराशी मापाने जुळणारा रिमोल्ड मिळेपर्यंत गाडी दोन दिवस उभी राहिली.